धूळ कुठं बसली?

ज्या माणसाने माझी ऐन उमेदीची वर्षं धुळीत घालवली, त्याच्याबद्दल मला चांगलं काही लिहायचं नाही. धुळीत म्हणजे खरोखरच धुळीत, फक्त ती संगणकातली. ती खाली पडते की नाही, पडली तर कुठे पडते, पडल्यावर गप बसते की थरथरत राहते, हे बघण्यात आमचे दिवसच्या दिवस जायचे. संध्याकाळी अवसरीला घरी पोचले की आई विचारायची, "आज काय केलंस गं?" मी म्हणायचे, "धूळ बसवली." इंजिनिअर केलेली पोर ऑफिसात झाडलोट करते की काय, अशी शंका तिला बरेच दिवस होती.

ऑफिस मंचरला, बियाण्यांच्या आणि औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर. जिना चढताना फवारणीच्या औषधाचा वास नाकात बसायचा तो जेवतानाही जायचा नाही. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. त्यांचे पणजोबा मारवाडातून इथे आले आणि इथलेच झाले. शेठ आमच्याइतकंच स्वच्छ मराठी बोलायचे आणि आमच्याहून जास्त बैल ओळखायचे. त्यांना हौस होती ती मोबाईलवर बैलगाड्याचा खेळ आणायची. आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे बैलगाडे पळवायची चढाची धावपट्टी. गाड्याला बैल, गाड्यावर माणूस नाही, पुढे घोडी आणि घोडीवर स्वार. घोडीमागे बैल उधळत चढ चढतात, दोन्ही बाजूंनी माणसं ओरडतात, हळदीचा भंडारा उडतो. एका गाड्याची अशी एक धाव म्हणजे एक बारी. खेळणारा म्हणजे तो घोडीवरचा स्वार. कल्पना झकास होती. बोंब होती ती बैल, माणसं आणि भंडारा यांची एकमेकांशी नीट टक्कर होण्यात, आणि त्यासाठी शेठनी या माणसाला आणलं होतं.

तो तळेघरच्या पलीकडच्या एका वाडीतला. पुण्यात मोठमोठ्या ठिकाणी काम करून, बहुतेक सगळीकडे भांडून परत आलेला. आदळआपट हा त्याचा विषय: खेळातली वस्तू दुसऱ्या वस्तूला लागली की पुढे काय व्हायचं, ते ठरवणं. स्वभावही विषयाला शोभेसाच. तो कुणाचंही नाव लक्षात ठेवायचा नाही, गाव ठेवायचा. मी अवसरी. चित्रं आणि आकार बनवणारा मुलगा पिंपरी पेंढारचा, तो पेंढार. शेठना तो तोंडावर मंचर म्हणायचा. "मंचर, तुमचा पंखा आवाज करतोय." त्याला सर म्हटलेलं खपत नसे, म्हणून आम्हीही त्याला तळेघरच म्हणू लागलो. हे त्याला आवडलं, आणि त्याला आवडलेली तेवढी एकच गोष्ट मला आठवते.

माझी मुलाखत त्याने घेतली ती नाचणीवर. टेबलावर पत्र्याचं ताट तिरपं टेकवलेलं. त्याने मूठभर नाचणी वरून सोडली. दाणे घरंगळले, ताटाच्या काठाशी साचले. मला म्हणाला, "काय झालं?"

मी म्हटलं, "नाचणी खाली आली."

"आन?"

"थांबली. पण एक दाणा अजून डुलतोय."

"उद्यापास्नं ये," एवढं बोलून तो नाचणी गोळा करायला लागला. माझे मार्क, माझं सर्टिफिकेट, काही म्हणता काही पाहिलं नाही. त्या वेळी मला धन्य वाटलं होतं. आता वाटतं, दाणा डुलतोय हे कबूल केलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याच्याबरोबर चहाला जाणं ही शिक्षा होती. टेबलाच्या कडेला बिस्किटाचा तुकडा ठेवायचा, बोटाने ढकलायचा आणि खाली वाकून बघायचा. पुन्हा ढकलायचा. हॉटेलवाला एकदा वैतागून म्हणाला, "राव, खायचं नसंल तर कुत्र्याला घाला, असं नासू नका." तळेघर म्हणाला, "कुत्र्यानं खाल्ल्यावर कसं कळंल कुठं पडलं ते?" त्या दिवसापासून आमच्या टेबलावर बिस्किटं येणं बंद झालं.

कुणी काम झालं म्हणून सांगायला आलं की त्याचा एकच प्रश्न असे, "धूळ कुठं बसली?" बैल कसा पळतो, घोडी कशी दिसते, याचं त्याला काही नसे. "बैल कुनीबी पळवील. त्याच्या पायाखालची धूळ उडून परत कुठं बसली ते दाव. धूळ खोटी तर बैलबी खोटा." आम्ही त्याची नक्कल करायचो. डब्यातली भाजी सांडली तरी पेंढार गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "रस्सा कुठं बसला?" हसायचो खूप. पण घरी गेल्यावर मी भाकरी करताना परातीतलं पीठ कुठे बसतंय ते बघत उभी राहायचे. असा माणूस नुसता डोक्यात जात नाही, तो डोळ्यांत जातो.

आता त्या भंडाऱ्याची गोष्ट. सुरुवातीला आमचा भंडारा उडायचा तो हवेतच तरंगत राहायचा, धुक्यासारखा. बैलही उडी मारली की सावकाश खाली यायचे, पाण्यात चालल्यागत. तळेघर त्या आठवड्यात त्याच्या वाडीला गेला होता, भाताची लावणी होती. तो नसताना आम्ही शहाणपणा केला. खेळ चालवणारा जो प्रोग्राम, ज्याला आम्ही इंजिन म्हणायचो, त्यातलं गुरुत्वाकर्षण वाढवलं. पृथ्वी जेवढी ओढते, त्याच्या तिपटीहून जास्त ओढायला लावली. भंडारा सपकन खाली आला, बैल दणक्यात पळायला लागले, शेठनी पेढे आणले.

तळेघर आला, पेढा तोंडात टाकला आणि कॅमेरा फिरवून जमिनीच्या खाली नेला. खेळाच्या जगात असं जमिनीखाली जाऊन वर बघता येतं. वर घाट, घाटावर यात्रा, आणि घाटाच्या पोटातून पिवळा पाऊस पडत होता. आमचा सगळा भंडारा जमिनीतून आरपार निघून खाली पडत होता, आणि खाली काहीच नसल्यामुळे नुसता पडतच होता.

"बांध ईतभर रुंद हाय," तो मला म्हणाला, "आन तू चार हाताची उडी मारतीस. बांधाला पाय लागंल तुझा?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"ह्या कणाचं तसंच झालंय. इंजिन एकदा बघतं तवा कण जमिनीच्या वर. परत बघतं तवा खाली. मधी जमीन व्हती ह्ये त्याला कळलंच न्हाई. एवढ्या जोरात कुनी ओढायला सांगितलं?"

मग तो मूळ शोधत बसला. आणि मूळ सापडलं ते पेंढारपाशी. पेंढारने गावोगावी जाऊन यात्रा कमिट्यांना घाटाची मापं विचारली होती. आमच्याकडे घाट फुटात मोजतात, कुणीही विचारा, फुटातच सांगणार. त्याने तेच आकडे इमानदारीने इंजिनात भरले. इंजिन मोजतं मीटरमध्ये. म्हणजे आमचा घाट तिपटीहून लांब, त्याला शोभतील असे बैलही तिपटीहून मोठे, डोंगराएवढे. डोंगराएवढी वस्तू पडताना सावकाशच दिसणार. त्यात गुरुत्वाकर्षणाचं काहीच बिघडलेलं नव्हतं. भंडारा बरोबर पडत होता, आमचं जगच चुकीच्या मापाचं होतं. जुन्नर-आंबेगावच्या माणसानेच करावी अशी चूक, आणि ती इतकी साधी होती की हसून सोडून द्यावी.

तळेघर हसला नाही. त्याने सगळ्यांना बोलावलं, पेंढारला मध्ये उभं केलं आणि म्हणाला, "ह्या पोराला इचारा, त्याची उंची किती. पाच फूट म्हनला तर त्याला घाटाच्या खांबायेवढा करून हितं उभा करतो." पोरगा लाल झाला. तो पुढे बोलतच राहिला. मापाची अक्कल, गावाची अक्कल, बापाची अक्कल. पेंढारच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हा थांबेना. शेवटी मीच म्हटलं, "तळेघर, बास करा." तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "धूळ बसू दे, मग गप बसतो." मला त्याचा त्या दिवशी जो तिटकारा आला, तो पुढे कधी पुरता गेला नाही. माणसाला लागलेलं त्याला दिसायचं नाही, कणाला लागलेलं दिसायचं.

निदान मी तसं समजत होते.

सगळा घाट खऱ्या मापात नव्याने बांधायला लागला. शेठनी तोंड वाकडं न करता वेळ दिला. शेठ वाईट माणूस नव्हता, हे लिहिताना मला रागच येतो, कारण वाईट असता तर कुणाला तरी मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. आणि काम झालं तेव्हा ते खरंच देखणं झालं. भंडारा उडायचा, माणसांच्या टोप्यांवर, बैलांच्या पाठीवर, मातीवर बसायचा, आणि बसल्यावर हलायचा नाही. मी तसलं काम पुन्हा पाहिलेलं नाही.

त्याच सुमाराला तळेघरने पेंढारकडून एक माणूस बनवून घेतला. गर्दीतली बाकी माणसं सात-आठ साच्यांतून काढलेली, टोपी बदलली की दुसरा माणूस. पण हा एकच वेगळा. घाटाच्या माथ्यावर, जिथे उधळलेले बैल आवरायला माणसं उभी राहतात, तिथे पुढे उभा. खांद्यावर निळा टॉवेल, डावा खांदा जरा वर, पाय फाकवून. तळेघर त्याला पुन्हा पुन्हा बदलायला लावायचा. "मान एवढी ताठ नको. त्यो हसतोय, पर दात दिसू देऊ नको." पेंढार माझ्याकडे बघून डोळे फिरवायचा. आम्ही त्या आकृतीचं नाव जावई ठेवलं होतं, इतके लाड म्हणून.

मग शेठनी आपला खेळ आमच्या भागातल्या साध्या फोनवर लावून बघितला. खेळ अडखळला. बैल निघाले की चित्र थांबायचं, मग एकदम बैल माथ्यावर. गर्दीतल्या प्रत्येक माणसाला बैल लागतो का, हे इंजिन सारखं तपासत होतं, त्या ओझ्याने फोन बसायचा. उपाय सगळ्यांना माहीत होता. गर्दीची टक्कर बंद करायची. पडद्यावरच्या चौकटीतली बरोबरची एक खूण काढून टाकली की बैल माणसांतून आरपार जातात, ना बैलाला कळत ना माणसाला, आणि फोन सुसाट चालतो. शेठ म्हणाले, "तसंही यात्रेच्या खेळात माणसं मेलेली बघायला कुणाला आवडेल? लहान मुलं खेळणार आहेत. करा बंद."

तळेघर म्हणाला, "न्हाई."

"अहो, भंडारा राहू दे तुमचा. जमीन राहू दे. फक्त माणसं."

"मानसंच न्हाईत तर भंडारा कशाला बसवलाय मी?"

शेठ समजावत होते, हा ऐकत नव्हता. मग तो अगदी हळू आवाजात बोलायला लागला, आणि त्याचा हळू आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्याचा थोरला भाऊ डोंगरातून खाली बागायतीत कामाला उतरला होता. मालकाचे बैल पळायचे, भाऊ माथ्यावर ते धरायला उभा राहायचा. एका यात्रेत बैल धरता आले नाहीत. माणसं म्हणाली, लागलं नाही फारसं, उठेल आत्ता. लाउडस्पीकरवर पुढची बारी पुकारली. धुरळा खाली बसला तेव्हा कुठे कळलं की तो उठणार नाही.

"बारी थांबली न्हाई," तळेघर म्हणाला. "म्या घाटाच्या खाली व्हतो. वर काय झालं ते धुरळ्यात दिसलंच न्हाई. ह्या खेळात ते दिसलं पायजे. बैल आवरला न्हाई तर मानसाला लागलं पायजे, आन लागलं की बारी थांबली पायजे. दुसरं काय मागतोय म्या?"

पेंढार त्या निळ्या टॉवेलवाल्याच्या चित्रासमोर बसला होता, त्याने मान खाली घातली. शेठ म्हणाले, "मला वाईट वाटलं हो. देवाशपथ वाईट वाटलं. पण खेळ पुढच्या यात्रेआधी यायला हवा." आणि त्यांनी बंद करायला सांगितलं. खूण मी काढली नाही, पेंढारनेही काढली नाही. ती शेठनी स्वतः काढली, कशी काढायची ते तळेघरलाच विचारून. आणि तळेघरने ते सांगितलं. बोट ठेवून दाखवलं. मग नाचणीचं ताट उचललं, नाचणी खिडकीतून पाखरांना टाकली आणि भीमाशंकरच्या एसटीने निघून गेला.

खेळ चालला. धो धो चालला. गावोगावच्या यात्रांच्या फलकांवर आमच्या बैलांची चित्रं लागली. लोक म्हणायचे, धुरळा काय खरा काढलाय! शेठ सत्कार घेत फिरले. खेळ बनवणाऱ्यांच्या नावांत तळेघरचं नाव नव्हतं, कारण काम अर्धवट टाकून गेलेल्याचं नाव घालत नाहीत म्हणे. मी भांडले. भांडून काय मिळालं, तर शेवटच्या ओळीत "विशेष आभार: तळेघर". वाचणाऱ्याला वाटायचं, गावाचे आभार मानलेत.

मग खेळाचा दुसरा भाग काढायची टूम निघाली, आणि आमचं पितळ उघडं पडलं. नवा घाट, नवे बैल, आणि बैल पुन्हा जमिनीतून खाली जायला लागले. पुण्याहून माणसं आणली. त्यांनी जमीन जाड केली, बैल हलके केले, दिवसाला दहा वेळा गुरुत्वाकर्षण बदललं. भंडारा एकदा दगडासारखा पडे, एकदा धुरासारखा तरंगे. तळेघरने घातलेला गुंता त्याच्याशिवाय कुणाला सुटेना. शेवटी शेठनी मला बोलावलं.

"तू जा. तुझं ऐकेल तो. सांग, आता फोन चांगले आलेत. गर्दीची टक्कर चालू ठेवू. माणसाला लागलं की बारी थांबवू. त्याचं नाव सगळ्यांत वर. जे म्हणेल ते."

मला हसू आलं, कडू हसू. जे त्याने मागितलं होतं ते सगळं मिळत होतं, फक्त उशिरा. पण मी आनंदाने निघाले, हेही खरं. वाटलं, एकदा तरी ह्या माणसाचं बरोबर होतं म्हणून त्याला कुणी सांगायला येतंय, आणि ते मी आहे.

तळेघरला उतरले तर पुढे गाडी नव्हती. वाडीपर्यंत चालले. खाचरांतलं भात पिवळं पडलं होतं. तो अंगणात कोयत्याला धार लावत होता. मला बघून म्हणाला, "अवसरी. चालत आलीस? बस." जसं काही मी कालच सुट्टी घेतली होती.

पडवीत त्याची आई बसली होती, फार म्हातारी. हातात फोन, फोन डोळ्यांच्या अगदी जवळ. ती म्हणाली, "आरं, बंद पडलं बघ. लाव की."

त्याने कोयता खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि तिच्याशेजारी बसून फोन घेतला. आमचाच खेळ. पहिला भाग. त्याने घोडी हाकली, अगदी वाईट हाकली, मुद्दाम बाजूला नेऊन सोडली. बैल मोकळे सुटले, घाट चढले, सरळ माथ्यावरच्या माणसांत घुसले. निळ्या टॉवेलवाल्यातून आरपार गेले. भंडारा उडाला, आणि कण अन् कण नीट खाली बसला. तो तिथेच उभा होता. डावा खांदा जरा वर. दात न दाखवता हसणारा.

"बघ," म्हातारी मला म्हणाली, "हललाबी न्हाई. माझं पोर लई खंबीर."

मी तळेघरकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता. मी निरोप सांगितला, सगळा सांगितला, टक्कर चालू, बारी थांबणार, नाव वर. तो ऐकत राहिला. एकदाच विचारलं, "मानसांचीबी टक्कर?"

"हो. सगळ्यांची. तुम्ही म्हणत होता तशी."

"आन ह्यो हितंच उभा ऱ्हानार?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

त्याने फोन आईच्या हातात परत दिला आणि कोयता उचलला. मला इतका संताप आला होता की आवाज चढला. म्हटलं, "तळेघर, तुम्ही याच्यासाठी आम्हाला घाण्याला जुंपलंत. पेंढारला रडवलंत. नोकरी सोडलीत. आता देतायत तर घ्या ना!"

"नीट केलं तर लागंल ना त्याला," तो म्हणाला.

"पण तेच खरं आहे, असं तुम्हीच..."

"व्हय. खरं हाय." त्याने आईकडे पाहिलं. "तिला खरं ठावं हाय, अवसरी. तिनंच त्याला आंघोळ घातली व्हती. खऱ्याचं तिला काय करायचंय आता?" मग जरा थांबून म्हणाला, "हितं रेंज न्हाई. नवा भाग ह्या फोनवर यायचा न्हाई. त्येच बरं."

त्या भांडणात बरोबर कोण होतं, हे मला ठरवायचंही नाही. शेठनी फोन अडखळू नये म्हणून काढलेली ती एक खूण म्हातारीच्या पदरात दिवसातून कितीदा तरी पडत होती, आणि ज्याने आयुष्यभर आदळलेलं आदळलं म्हणायला लावलं, तो स्वतःच्या हाताने घोडी चुकवत बसला होता. मी चहा न घेता उठले. त्याने मला थांब म्हटलं नाही. तो तसा माणूसच नव्हता.

अंगणाच्या कडेपर्यंत गेले असेन, मागून म्हातारीचा आवाज आला, "लाव रं परत."

"आई, आत्ताच झालं की," तो म्हणाला, "बैल दमत्याल."

"दमू दे. येऊ दे त्यास्नी. आता त्याला काय व्हत न्हाई."